निजलेले विषाणू आणि बांधावरची झाडं : प्रस्तावना

नागिणीचं वेटोळं पूर्ण होत नाही. तरी मराठवाड्यात कुणाच्या कुशीवर फोडांची रांग उठली, की घरातलं मोठं माणूस आधी तिचं तोंड कुठे आणि शेपूट कुठे ते पाहतं. दोन्ही टोकं भेटली तर माणूस दगावतो, हा समज नांदेड-लातूरकडच्या खेड्यांत अजून पक्का आहे. मग नागीण उतरवणारा शोधला जातो, गेरूचा लेप बसतो, मंत्र टाकला जातो. टोकं भेटत नाहीत, दोन-तीन आठवड्यांत खपल्या गळतात आणि उतरवणाऱ्याचं नाव होतं. टोकं न भेटण्याचं कारण मात्र शरीराच्या रचनेत आहे. लहानपणी कांजिण्या देऊन गेलेला विषाणू पाठीच्या कण्यालगत मज्जातंतूंच्या गाठींमध्ये वर्षानुवर्षं पडून राहतो. पुढे कधी उठला, तर सहसा एकाच गाठीतून उठतो, तिथून निघणाऱ्या मज्जातंतूच्या वाटेनं त्वचेवर येतो, आणि तो मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूला पसरलेला असतो. म्हणून पुरळ छातीच्या किंवा पाठीच्या मध्यरेषेपाशी थांबतं. प्रतिकारशक्ती फार खचलेल्या रुग्णात ते अंगभर पसरू शकतं. पण तेव्हाही त्याचं वेटोळं होत नाही. तो दवाखान्यात दाखल करण्याजोगा आजार असतो.

त्या गाठीत पडून राहिलेला विषाणू हा या पुस्तकाचा विषय आहे, आणि त्याला उठू न देणारं एखादं रसायन झाडपाल्यात आहे का, हा त्याचा प्रश्न. प्रश्न भाबडा नाही. गेल्या चार-साडेचार दशकांत जपान, जर्मनी, तैवान आणि अमेरिकेतल्या प्रयोगशाळांनी त्यावर काम केलं आहे. त्या कामात पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या वनस्पती मराठी घराला अनोळखी नाहीत: हळद, हिरडा, लवंग, ज्येष्ठमध, जमालगोटा. मराठीत मात्र या विषयावर मोबाइलवरच्या संदेशांखेरीज फारसं काही वाचायला मिळत नाही, आणि त्या संदेशांत हळदीच्या दुधानं सगळंच बरं होतं.

शरीरात मुक्काम ठोकणारे विषाणू थोडेथोडके नाहीत. ओठांवर फोड आणणारा हर्पिस सिम्प्लेक्स चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतल्या निम्म्याहून अधिक माणसांत त्याचा पहिला प्रकार आहे. एपस्टीन-बार विषाणू रक्तातल्या बी पेशींत राहतो, आणि जगातल्या ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो असतो. सायटोमेगॅलो विषाणू अवयवरोपण झालेल्या रुग्णांत डोकं वर काढतो. एचआयव्ही औषधांनी दाबला तरी काही पेशींच्या जनुकसंचात स्वतःला शिवून ठेवतो. या सगळ्यांची राहण्याची जागा वेगळी आणि उठण्याची रीतही वेगळी. त्यामुळे ‘सुप्त विषाणूंवर गुणकारी’ असं सरसकट वाक्य दिसलं, तर ते लिहिणाऱ्यानं विषयाचा अभ्यास केलेला नाही, असं खुशाल समजावं.

विषाणू झोपतो, ही कल्पना शास्त्रातही सहजासहजी रुजली नाही. नागीण झालेल्या माणसाच्या सहवासातल्या मुलांना कांजिण्या येतात, हे हंगेरीतल्या बोकाय या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाहिलं होतं. १९२९ मध्ये अमेरिकेतल्या अर्नेस्ट गुडपाश्चर यांनी हर्पिसचा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत टिकून राहत असावा, असं मांडलं. १९५०च्या दशकात थॉमस वेलर यांनी कांजिण्या आणि नागीण यांचा विषाणू एकच असल्याचं प्रयोगशाळेत दाखवलं. पण सगळे धागे एकत्र आणले ते एका गावातल्या डॉक्टरनं. एडगर होप-सिम्पसन हे इंग्लंडमधल्या सायरेन्सेस्टरमध्ये साधा दवाखाना चालवत. १९४७ ते १९६२ या सोळा वर्षांत त्यांच्याकडे नागिणीचे १९२ रुग्ण आले. प्रत्येकाचं वय, फोडांची जागा, पूर्वीच्या कांजिण्या या सगळ्याची त्यांनी नोंद ठेवली. त्या नोंदींवरून १९६५ मध्ये त्यांनी मांडलं, की विषाणू आयुष्यभर गाठीत राहतो, शरीराची प्रतिकारशक्ती त्याला दाबून ठेवते, आणि वयानुसार ती उणावली की तो सुटतो. आजही पाठ्यपुस्तकं या मांडणीवर उभी आहेत. मोठी प्रयोगशाळा नव्हती. रोजची नोंदवही आणि चिकाटी यांच्या जोरावर हे झालं, म्हणून या पुस्तकाच्या दृष्टीनं ही गोष्ट फार मोलाची आहे.

गर्ट्रूड एलियन यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात शोधलेल्या असायक्लोव्हिरनं हर्पिसवरच्या उपचारांचं चित्र पालटलं. एलियन यांना १९८८ चं नोबेल मिळालं. पण या औषधाला एक हद्द आहे. विषाणू स्वतःच्या प्रती काढत असतो तेव्हाच ते त्याला अडवतं. झोपलेला विषाणू प्रती काढत नाही. त्याचा डीएनए पेशीच्या केंद्रकात कडं होऊन, प्रथिनांभोवती घट्ट गुंडाळून पडलेला असतो, आणि त्याची बहुतेक जनुकं गप्प असतात. ताप, कडक ऊन, मानसिक ताण, स्टेरॉइड, उतारवय यांपैकी कशानं तरी ती गुंडाळी सैल होते, आधी दोन-चार जनुकं बोलू लागतात आणि त्यांच्यामागून बाकीची. एपस्टीन-बार विषाणूत तर ही पहिली कळ नेमकी ठाऊक आहे: बीझेडएलएफ-१ नावाचं एक जनुक. ते चालू झालं की विषाणू जागा झाला. वनस्पतींतली रसायनं शोधणाऱ्यांचा डोळा या पहिल्या पायरीवर आहे.

गंमत अशी, की या क्षेत्राची सुरुवात विषाणूला झोपवणाऱ्या झाडानं झालीच नाही. ती त्याला उठवणाऱ्या झाडानं झाली. जमालगोट्याच्या बियांचं तेल जहाल रेचक म्हणून वैद्यांना ठाऊक होतं, आणि शोधनाशिवाय ते वापरू नये हेही. जर्मनीत हायडेलबर्गला एरिक हेकर यांनी १९६०च्या दशकात त्या तेलातून फॉरबॉल एस्टर नावाची रसायनं वेगळी केली. १९७८ मध्ये हॅराल्ड त्सुर हाउझेन यांनी हेकर यांच्यासह दाखवलं, की त्यातल्या टीपीए या रसायनाचा थेंबभर अंशही एपस्टीन-बार विषाणूला पेशीत जागं करतो. लगोलग जपानमध्ये योहेई इतो यांनी त्याच कुळातली झाडं तपासली, आणि शेराच्या चिकातही तो गुण सापडला. मराठवाड्यात शेताच्या कडेला कुंपण म्हणून लावतात तोच हा शेर. आफ्रिकेच्या ज्या पट्ट्यात मुलांना बर्किट लिम्फोमा हा कर्करोग होतो, तिथेही तो घराभोवती लावतात. या चिकाचा त्या रोगाशी संबंध असावा, असं गृहीतक १९८०च्या दशकात पुढे आलं आणि त्यावरचं संशोधन अजून चालू आहे. झाडाचं म्हणजे निरुपद्रवी, असं मानणाऱ्यानं पुस्तकातला हा भाग आधी वाचावा.

उठवण्याचं साधन हाती आल्यावर उलटा प्रयोग सोपा झाला. पेशी घ्यायच्या, टीपीए टाकून विषाणूला उठवायचं, आणि सोबत एखाद्या झाडाचा अर्क टाकून जाग येते की नाही ते पाहायचं. क्योतोमध्ये कोशिमिझू, ओहिगाशी, तोकुदा, निशिनो या संशोधकांनी या पद्धतीनं शेकडो भाज्या, फळं, मसाले आणि त्यांतली शुद्ध रसायनं चाळून काढली. अमेरिकेतल्या हॉवर्ड विद्यापीठातले गोविंद कपाडिया याच गटाबरोबर काम करत; बीटच्या कंदावरचा त्यांचा निबंध १९९६ मध्ये आला. या जपानी घराण्याचं ऋण मोठं आहे. पण त्यांचा मूळ हेतू कर्करोगाला चालना देणारी रसायनं अडवणारे पदार्थ शोधणं हा होता, आणि विषाणूची जाग ही त्यांची चाचणीपट्टी होती. पुढे अनेकांनी हे विसरून त्या याद्यांतल्या प्रत्येक वनस्पतीला विषाणूरोधक ठरवलं. आज बाजारात दिसणाऱ्या बऱ्याच दाव्यांचं मूळ या गल्लतीत आहे.

पुढची पिढी नेमक्या कळीवर आली. २००२ मध्ये हेर्गेनहान आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की हळदीतलं कर्क्युमिन बीझेडएलएफ-१ चालू होऊ देत नाही. तैवानमध्ये एपस्टीन-बार विषाणूशी जोडलेला नाक-घशाचा कर्करोग बराच आढळतो, त्यामुळे तिथल्या प्रयोगशाळांनी हा विषय नेटानं धरला. भुईनिंबातलं अँड्रोग्राफोलाइड, ब्रोकोलीच्या कुळात मिळणारं सल्फोराफेन, अनेक पालेभाज्यांत असणारं ल्युटिओलिन या सगळ्यांनी पेशींमध्ये त्या विषाणूची जाग रोखल्याचे निबंध तिथून आले. हर्पिस सिम्प्लेक्सच्या पहिल्या जनुकांनाही कर्क्युमिन गप्प करतं, हे २००८ मध्ये दिसलं. लातूरच्या बाजारात ज्याच्या भावावर गावोगावचे डोळे असतात त्या सोयाबीनमधलं जेनिस्टीन सायटोमेगॅलो विषाणूच्या पहिल्या टप्प्यातल्या प्रथिनांच्या कामात अडथळा आणतं, असा २००५ मधला प्रयोग आहे. हे सगळं काचेच्या बशीतलं आहे, हे मात्र नजरेआड होता कामा नये.

जपानमध्येच तोयामा इथे शिराकी आणि कुरोकावा यांनी वेगळी वाट घेतली. पारंपरिक औषधी असायक्लोव्हिरला पर्याय म्हणून तपासण्याऐवजी त्यांनी त्या त्याच्या जोडीला दिल्या. १९९५ च्या त्यांच्या अभ्यासात हिरडा आणि लवंग होती, आणि उंदरांमध्ये जोडीचा परिणाम एकट्या औषधापेक्षा चांगला दिसला. या गटानं गिनीपिगमध्ये पुन्हा पुन्हा उठणाऱ्या हर्पिसवरही एका वनस्पतीचा अर्क वापरून पाहिला. सुप्त विषाणूची जाग जिवंत प्राण्यात मोजणारे असे अभ्यास फार थोडे आहेत, आणि पुस्तकाच्या दृष्टीनं ही शाखा सर्वांत आश्वासक आहे. तिला आयुर्वेद आणि आधुनिक औषध यांच्यात भांडण लावायची गरज पडत नाही.

एचआयव्हीच्या बाबतीत दोन तट आहेत. एक म्हणतो, लपलेल्या विषाणूला उठवा आणि मग मारा. त्यासाठी सामोआ बेटावरच्या मामाला झाडातलं प्रोस्ट्रॅटिन चर्चेत आलं. दुसरा म्हणतो, त्याला कायमचं कुलूप लावा. त्यातलं नावाजलेलं रसायन समुद्री स्पंजातल्या एका द्रव्यावर बेतलेलं आहे. दोन्ही वाटा अजून औषधाच्या दुकानापर्यंत पोचलेल्या नाहीत.

आयुर्वेदाच्या ग्रंथांकडे पुस्तक आदरानं, पण डोळे उघडे ठेवून पाहतं. चरकानं विसर्पाचे, म्हणजे त्वचेवर पसरत जाणाऱ्या दाहाचे, सात प्रकार सांगितले आहेत. सुश्रुतानं क्षुद्ररोगांमध्ये बाहू, कूस, खांदा आणि काख इथे उठणाऱ्या फोडांना कक्षा म्हटलं आहे, आणि आजचे बरेच वैद्य नागिणीची सांगड तिच्याशी घालतात. विसर्पावरचा दशांग लेप नांदेड-लातूरच्या आयुर्वेदिक दुकानांत सहज मिळतो. शिरीष, ज्येष्ठमध, तगर, रक्तचंदन, वेलची, जटामांसी, हळद, दारुहळद, कोष्ठ आणि सुगंधी वाळा अशी त्याची दहा द्रव्यं. त्यातल्या ज्येष्ठमधातलं ग्लिसरायझिक आम्ल हर्पिसच्या विषाणूला निकामी करतं, असा निबंध १९७९ मध्येच ‘नेचर’मध्ये आला होता. २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका गटानं दाखवलं, की हेच आम्ल कापोसी सार्कोमा या कर्करोगाच्या सुप्त विषाणूचा आधार काढून घेतं आणि बाधित पेशी मरतात. दारुहळदीतल्या बर्बेरीनवरही हर्पिसचे प्रयोग झाले आहेत. योगायोग म्हणून हे झटकून टाकण्यासारखं नाही. पण लेप त्वचेवर असतो आणि विषाणू कण्याजवळच्या गाठीत. लेपानं दाह शमला, म्हणून विषाणू झोपला असं होत नाही. शिवाय ज्येष्ठमध पोटात जास्त दिवस घेतलं, तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं.

हळदीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण ती या मातीचं पीक आहे. नांदेड जिल्ह्यात अर्धापूर, मुदखेड आणि शेजारच्या हिंगोलीत वसमत हा तिचा पट्टा. इथे सेलम वाण सर्वाधिक. वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. जखमेवर हळद लावण्याचं १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालेलं अमेरिकी पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरनं आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करून घेतलं, त्याचा अभिमान सगळ्यांना आहे आणि तो रास्त आहे. पण घरगुती वापर जुना आहे हे सिद्ध करणं वेगळं आणि एखादं रसायन माणसाच्या शरीरात विषाणूला रोखतं हे सिद्ध करणं वेगळं.

कर्क्युमिनची अडचण शोषणाची आहे. १९९८ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी निरोगी माणसांना दोन ग्रॅम कर्क्युमिन दिलं, तेव्हा रक्तात ते जेमतेम सापडलं. सोबत मिऱ्यातलं पायपेरिन वीस मिलिग्रॅम दिल्यावर शोषण वीस पटींनी वाढलं. हा आकडा गोळ्यांच्या जाहिरातींत मोठ्या अक्षरांत येतो. मुळातली पातळी किती कमी होती, हे त्यांत येत नाही. २०१७ मध्ये कॅथरीन नेल्सन आणि सहकाऱ्यांनी कर्क्युमिनच्या रसायनशास्त्राचा सविस्तर आढावा घेतला. हे रेणू अस्थिर आहेत, अनेक प्रथिनांना उगाच चिकटतात आणि त्यामुळे चाचण्यांत खोटी आशा दाखवतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. २०२२ मध्ये अमेरिकेत हळदीच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातले पाच रुग्णालयात दाखल झाले आणि एक दगावला. भाजीतल्या चिमूटभर हळदीशी याचा संबंध नाही. डबाभर गोळ्यांशी आहे. हळद उत्पादकाला भाव मिळावा, हळदीवर प्रक्रिया नांदेडातच व्हावी, असं वाटणाऱ्या प्रत्येकानं हे आधी वाचायला हवं, कारण खोट्या दाव्यांवर उभा राहिलेला बाजार कोसळतो तेव्हा फटका शेतकऱ्यालाच बसतो.

मग झाडातलं काही माणसाच्या कामी आलंय की नाही? आलंय, आणि दोन ठिकाणी भक्कम पुराव्यासह. नागिणीनंतर महिनोन्‌महिने ठणकत राहणाऱ्या वेदनेवर मिरचीतल्या कॅप्सायसिनची ८ टक्क्यांची पट्टी अमेरिकेत २००९ पासून मान्यताप्राप्त आहे. दुसरं उदाहरण त्याहून मोठं. शिंग्रिक्स ही नागिणीची लस २०२३ मध्ये भारतात आली. पन्नाशीपुढच्या लोकांवरच्या मुख्य चाचणीत तिची परिणामकारकता ९७ टक्क्यांच्या आसपास निघाली. तिच्या परिणामामागे एक पूरक द्रव्य आहे, आणि त्यातला क्यूएस-२१ हा घटक चिलीतल्या क्विलाया झाडाच्या सालीतून येतो. रिठ्याचा फेस ज्या सॅपोनिनमुळे होतो, त्याच गटातलं हे रसायन. ते विषाणूला हात लावत नाही. शरीराच्या पहारेकऱ्यांना जागं ठेवतं, आणि विषाणू आपोआप झोपून राहतो. होप-सिम्पसन यांनी १९६५ मध्ये जे सांगितलं होतं, त्याचा हा रोकडा पडताळा. या लसीची किंमत मात्र मराठवाड्यातल्या शेतमजुराच्या आवाक्यातली नाही, आणि सरकारी दवाखान्यात ती सर्रास मिळत नाही. याबद्दल बोललं गेलं पाहिजे.

हा विषय आत्ताच का, याला जागतिक कारणं आहेत. २०२२ मध्ये एक कोटीहून अधिक अमेरिकी सैनिकांच्या नोंदींवरून एपस्टीन-बार आणि मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार यांचा घट्ट संबंध पुढे आला. २०२५ मध्ये वेल्समधल्या नोंदींवरून दिसलं, की नागिणीची जुनी लस घेतलेल्यांत पुढच्या सात वर्षांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण सुमारे एक पंचमांशानं कमी होतं. झोपलेले विषाणू म्हातारपणावर किती सावली धरतात, हा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला आहे. पण नांदेड-लातूरसाठी कारण अधिक जवळचं आहे. इथे मधुमेह वाढतो आहे, कर्करोगाची केमो घेणारे वाढले आहेत, गुडघेदुखीवर चिठ्ठीविना स्टेरॉइड घेणारे म्हातारे आहेत. या सगळ्यांच्या गाठींतल्या विषाणूला उठायला वाट मोकळी होते. नागीण उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूरोधक गोळ्या सुरू केल्या, तर त्यांचा उपयोग सर्वाधिक. हेच तीन दिवस उतरवणाऱ्याच्या ओट्यावर जातात. फोड कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील, तर डोळा जाऊ शकतो. तिथे पाला, गेरू, लेप काहीही लावण्याआधी नेत्रतज्ज्ञ गाठायचा, हे पुस्तक निक्षून सांगतं.

पुस्तकाचा बेत साधा आहे. प्रत्येक वनस्पतीपुढे पुरावा कुठल्या पायरीवर आहे हे लिहिलेलं आहे: पेशीत, प्राण्यात की माणसात. प्रयोगात वापरलेली मात्रा दिली आहे, आणि तेवढी मात्रा खाऊन रक्तात येऊ शकते का, याचा हिशेबही. वनस्पतींची ओळख व्ही. एन. नाईक यांच्या मराठवाड्याच्या वनस्पतिकोशाशी ताडून घेतली आहे, कारण किनवट-माहूरच्या रानात आणि चाकूर तालुक्यातल्या वडवळ नागनाथच्या बेटावर एकाच नावानं दोन वेगळी झाडं दाखवली जातात, आणि चुकीच्या झाडावर केलेला प्रयोग वाया जातो. दावे खोडून काढणं हा हेतू नाही. जिथे पुरावा आशादायक आहे तिथे तो उत्साहानं मांडला आहे, तोयामाच्या कामासारखा.

वाचक म्हणून डोळ्यांपुढे आहेत ते लातूरमध्ये नीटची तयारी करणारी मुलं, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातले जीवशास्त्राचे विद्यार्थी, आयुर्वेद महाविद्यालयांतले पदव्युत्तर अभ्यासक, आणि तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारे डॉक्टर. जिल्ह्याच्या महाविद्यालयात अर्क काढता येतो, त्यातली रसायनं वेगळी करता येतात. विषाणूवर प्रयोग करायला मात्र जिवंत पेशी वाढवणारी सुरक्षित प्रयोगशाळा लागते, आणि ती सगळीकडे नसते. म्हणून पुस्तक अर्काच्या पलीकडचं एक काम सुचवतं, ज्याला प्रयोगशाळा लागत नाही. नागिणीचा रुग्ण आला की त्याचं वय, मधुमेह आहे का, फोड कुठे, फोड उठल्यावर किती दिवसांनी आला, आधी काय लावलं किंवा घेतलं, गोळ्या कधी सुरू झाल्या, आणि तीन महिन्यांनी ठणका उरला का, हे नाव न लिहिता नोंदवायचं. अशा नोंदवहीचा कोरा तक्ता शेवटच्या पानांवर छापला आहे. त्याच्या झेरॉक्स काढून घ्याव्यात. भरलेले तक्ते जमतील तेव्हा पुढच्या आवृत्तीत मराठवाड्याचे स्वतःचे आकडे असतील, आणि दशांग लेप लावलेल्यांत ठणका कमी राहतो की नाही, या प्रश्नाला पहिल्यांदा मोजून उत्तर देता येईल.